सामूहिक दुर्घटनेत जखमींची वर्गवारी: प्रशिक्षणाच्या पातळीने नेमका किती आणि कुठे फरक पडतो?

क्षितिज

नमस्कार. एका स्वयंसेवी बचाव पथकाच्या प्रशिक्षणाची जबाबदारी गेल्या वर्षापासून माझ्याकडे आहे. पथकात तीन पातळ्यांवरची माणसे आहेत: फक्त प्रथमोपचाराचा वर्ग केलेले स्वयंसेवक, रुग्णवाहिकेवर रोज काम करणारे पॅरामेडिक, आणि वेळ मिळेल तसे येणारे दोन डॉक्टर. मोठी दुर्घटना होऊन एकाच वेळी पन्नास-साठ जखमी समोर आले, तर ट्रायाज, म्हणजे कोणाला आधी आणि कोणाला नंतर हे ठरवण्याचे काम, सर्वांत जास्त शिकलेल्या माणसाने करावे, असे आम्ही आजवर धरून चाललो होतो. गेल्या महिन्यातल्या रंगीत तालमीनंतर मला तसे ठामपणे म्हणता येत नाही.

तालमीत आम्ही दोन सारखेच गट मांडले होते. प्रत्येक गटात चोवीस ‘जखमी’, प्रत्येकाच्या गळ्यात श्वासाचा वेग, नाडी आणि प्रतिसाद लिहिलेले कार्ड, आणि वर्गवारीसाठी ‘स्टार्ट’ ही रंगीत टॅगांची पद्धत: लाल म्हणजे तातडीचा, पिवळा म्हणजे थोडा थांबू शकणारा, हिरवा म्हणजे किरकोळ जखमी, काळा म्हणजे मृत. एका गटाला एक डॉक्टर होते, दुसऱ्याला एका दिवसाचे प्रशिक्षण घेतलेली स्वयंसेविका. डॉक्टर सहाव्या जखमीपाशी थांबले. त्याच्या कार्डावर ‘श्वास मिनिटाला २६, मनगटाला नाडी लागते, डोळे उघडे, पण सांगितलेले करत नाही’ असे लिहिले होते. स्टार्टच्या नियमाने हा लाल, आणि हे कळायला अर्धा मिनिट पुरेसा होता. डॉक्टरांनी मात्र गुडघे टेकले, डोळ्यांच्या बाहुल्या पाहिल्या, पोट चाचपले, मान धरायला माणूस मागवला आणि सलाइनची चौकशी केली. हे सारे त्यांनी अतिशय नीट केले; पण त्यात चार मिनिटे गेली आणि तेवढा वेळ पुढचे अठरा जण टॅगविना पडून राहिले. स्वयंसेविकेने तेरा मिनिटांत सगळे चोवीस जखमी पाहून संपवले. तिचे पाच रंग चुकले, आणि पाचही वरच्या बाजूला चुकले: मोठ्याने ओरडणाऱ्या चार पिवळ्यांना तिने लाल टॅग लावला आणि एका हिरव्याला पिवळा. वेळ संपेपर्यंत डॉक्टरांनी जितके जखमी पाहिले, त्यांच्यात एकही रंग चुकलेला नव्हता.

आता पथकात दोन तट पडले आहेत. एकांचे म्हणणे असे की पदवी आणि अनुभवाला पर्याय नाही. दुसऱ्यांचे असे की ट्रायाज हे नियमाचे काम आहे आणि ते कोणीही शिकू शकतो. प्रशिक्षणाच्या पातळीने नेमका कोणत्या टप्प्यावर फरक पडतो आणि कोणत्या टप्प्यावर पडत नाही, हे अनुभवाने किंवा अभ्यासाने सांगू शकणाऱ्यांनी कृपया लिहावे. पुढच्या वर्षीची आखणी मला यावरच करायची आहे.

रात्रपाळी

क्षितिज, तुमच्या डॉक्टरांनी जे केले, ते मीही एकदा केले आहे, म्हणून सविस्तर लिहितो. मी सतरा वर्षे रुग्णवाहिकेवर पॅरामेडिक म्हणून काम करतो आहे. आम्हाला आणि डॉक्टरांना वर्षानुवर्षे एकच गोष्ट अंगवळणी पाडलेली असते, ती म्हणजे समोरच्या एका रुग्णाचे जे जे करता येईल ते सगळे करायचे. ट्रायाजमध्ये नेमकी त्याच्या उलट अपेक्षा असते: समोरच्या माणसाला काय झाले आहे हे पुरते कळायच्या आत, त्याच्यावर उपचार करता येत असूनही, त्याला सोडून पुढे जायचे. हे ज्ञानाच्या अभावी जमत नाही असे नाही. उलट जितके अधिक येते, तितके हात थांबवणे कठीण जाते. नवख्या स्वयंसेवकाकडे थांबून करण्यासारखे फारसे नसतेच, त्यामुळे तो पुढे सरकतो. म्हणून डॉक्टरांना ट्रायाजचे प्रशिक्षण देताना निकष पाठ करून घेण्यात वेळ घालवू नका. त्यांना उठून पुढे जाण्याचा सराव द्या. आमच्याकडे शेजारी घड्याळ घेऊन एक जण उभा असतो आणि तो तीस सेकंदांनी खांद्यावर हात ठेवतो. पहिल्या दोन तालमींत या हाताचा लोकांना राग येतो, नंतर त्याची गरजच उरत नाही.

दुसरे असे की स्टार्ट ही पद्धत मुळात कोणासाठी बनली, हे ध्यानात घ्यायला हवे. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या न्यूपोर्ट बीचचे अग्निशमन दल आणि तिथले होग रुग्णालय यांनी मिळून ती तयार केली, आणि वैद्यकीय शिक्षण फारसे नसलेल्या माणसालाही ती वापरता यावी हा तिचा हेतूच होता. चालता येते का. श्वास चालू आहे का आणि तो मिनिटाला तीसच्या वर आहे का. मनगटाला नाडी लागते का, किंवा नख दाबून सोडल्यावर रंग परत यायला दोन सेकंदांपेक्षा जास्त लागतात का. साधी आज्ञा पाळता येते का. एवढ्यावर रंग ठरतो. मध्ये करायचे ते दोनच उपचार, श्वासमार्ग मोकळा करणे आणि वाहते रक्त थांबवणे. यात कुठेही ‘तुम्हाला काय वाटते’ हा प्रश्न नाही. मग ज्या पद्धतीत मताला जागाच ठेवलेली नाही, तिच्यात जास्त शिकलेल्याचे मत कामी कसे येणार?

पण म्हणून अनुभवाचे काही काम नाही, या दुसऱ्या टोकाला कृपया जाऊ नका. एका रात्री बस उलटली होती. तीसच्या वर जखमी होते. ज्यांना चालता येते त्यांनी त्या दिव्याखाली जाऊन बसा, अशी हाक आमच्या नव्या सहकाऱ्याने दिली आणि दहा-बारा जण उठून गेले. त्यांच्यात विशीतला एक मुलगा होता. त्याला हिरवा टॅग मिळाला, आणि नियमाप्रमाणे तो बरोबरच होता. तो दुसऱ्यांना पाणी देत होता. पाऊण तासाने आमच्या वरिष्ठ सहकारी तिथून जाताना थबकल्या. मुलगा आता गप्प होता, थंडी असूनही बाहीने कपाळ पुसत होता, आणि डाव्या बरगड्यांखाली हात धरून त्याला आडवे व्हायचे होते. त्यांनी मनगट धरले, नाडी १३० च्या पुढे होती. टॅग तिथल्या तिथे लाल झाला आणि पुढच्या गाडीत त्याला पहिली जागा मिळाली. प्लीहा फाटली होती. हिरवा टॅग लावणारा आमचा नवा सहकारी नंतर कित्येक दिवस स्वतःला दोष देत राहिला, पण त्याची चूक नव्हती. पहिल्या फेरीत तो जखमी मुलगा चालत होता, आणि चालणारा हिरवा. चूक झाली असती ती दुसरी फेरी झाली नसती तर, किंवा त्या फेरीला नुसते टॅग वाचत जाणारा माणूस पाठवला असता तर.

माझे मत त्यामुळे असे आहे की पहिली फेरी, म्हणजे गाळणी, ही तुमच्या स्वयंसेवकांना द्या, आणि अनुभवी माणसांना दुसऱ्या फेरीसाठी आणि लाल गटाजवळ ठेवा. सर्वांत अनुभवी पॅरामेडिकला तर जखमींना हातच लावू देऊ नका. त्याने उभे राहून कोणती गाडी कुठे जाणार, ते पाहावे.

मोजपट्टी

मी आपत्कालीन सेवांच्या नोंदींचे विश्लेषण करते. रात्रपाळी यांच्या निष्कर्षाशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे, परंतु ‘चुकले’ आणि ‘बरोबर’ हे शब्द आपण कशाच्या आधारे वापरतो, ते आधी स्पष्ट व्हायला हवे.

तालमीत बरोबर रंग म्हणजे कार्ड लिहिणाऱ्याने ठरवलेला रंग. प्रत्यक्ष घटनेत मात्र रुग्णालयात पुढे काय झाले यावरून रंग पडताळावा लागतो, आणि तिथे चित्र बदलते. कॅलिफोर्नियात २००२ मध्ये झालेल्या एका रेल्वे अपघातातल्या जखमींच्या नोंदी नंतर तपासण्यात आल्या आणि तो अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. तपासलेल्या १४८ जखमींपैकी ६६ जणांचा रंग प्रत्यक्ष परिणामाशी जुळला, ७९ जणांना गरजेपेक्षा वरचा रंग मिळाला होता आणि फक्त तिघांना खालचा. तुमच्या स्वयंसेविकेचे पाचही रंग वरच्या बाजूला चुकले, यात म्हणूनच मला आश्चर्य वाटत नाही. शंका आली की माणूस वर ढकलतो. विशेषतः लहान मूल समोर असेल तर फारच. लहान मुलांसाठी १९९५ मध्ये ‘जंपस्टार्ट’ ही वेगळी पद्धत निघाली, तिचे पहिले कारण मुलांच्या श्वासाचा वेग मुळातच निराळा असतो हे असले, तरी वर्गवारी करणाऱ्याच्या भावनांना नियमाचा आधार मिळावा हाही तिचा एक उपयोग आहे.

वरचा रंग दिल्याने काय बिघडते, असे पुष्कळदा विचारले जाते. एकाच रुग्णासमोर काहीच बिघडत नाही. साठ जखमींत मात्र प्रत्येक अनावश्यक लाल टॅग खऱ्या लालच्या पुढे रांगेत उभा राहतो. बॉम्बस्फोटांच्या अनेक घटना एकत्र पाहून शल्यचिकित्सक फ्रायकबर्ग यांनी २००२ मध्ये असे मांडले की अशा वाढीव वर्गवारीचे प्रमाण जितके जास्त, तितके गंभीर जखमींतले मृत्यूही जास्त. हा संबंध प्रत्येक घटनेत तसाच दिसतो असे नाही, पण दुर्लक्ष करण्याजोगाही नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. लंडनमध्ये ७ जुलै २००५ रोजी झालेल्या स्फोटांचा अभ्यास पुढच्या वर्षी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. एकूण ७७५ जखमी व मृत नोंदले गेले. अग्रक्रमाने हलवायचे म्हणून ५५ जणांची निवड झाली आणि त्यांपैकी प्रत्यक्षात अत्यवस्थ २० होते, म्हणजे जवळपास दोन तृतीयांश निवड वाढीव होती. मात्र ज्या ठिकाणी प्रगत प्रशिक्षण घेतलेल्या रुग्णालयपूर्व पथकांनी सुरुवातीची वर्गवारी केली, तिथे हे वाढीव प्रमाण कमी होते. त्यामुळे ‘पहिल्या फेरीत पातळीने काहीच फरक पडत नाही’ असे मी म्हणणार नाही. फरक पडतो, आणि तो मुख्यतः हा लाल नाही हे धैर्याने म्हणण्यात पडतो. अत्यवस्थ माणूस ओळखणे तुलनेने सोपे आहे. भेसूर दिसणारी जखम असूनही हा माणूस तासभर थांबू शकतो, हे ओळखायला असे शेकडो रुग्ण पाहिलेले असावे लागतात. अर्थात ती पथके या कामाचा नियमित सराव केलेली होती. केवळ वैद्यकीय पदवी असलेल्या व्यक्तीबद्दल यातून काही सिद्ध होत नाही, आणि वादात ही दोन माणसे एकच धरली जातात, ते मला खटकते.

आणखी एक मुद्दा पद्धतीच्या निवडीचा. ‘सॉल्ट’ नावाची जी पद्धत २००८ मध्ये पुढे आली, तिच्यात लाल, पिवळा, हिरवा, काळा यांखेरीज राखाडी रंग आहे: जिवंत आहे, पण हाताशी असलेल्या साधनांत वाचण्याची शक्यता नाही. हा निर्णय नाडी मोजून होत नाही. किती गाड्या येणार आहेत, शस्त्रक्रियागृह किती दूर आहे, ही जखम कुठवर जाते, हे सगळे त्यात येते. जी पद्धत मताला जागा देते, तिच्यात प्रशिक्षणाच्या पातळीला वजन येते, आणि एका दिवसाच्या वर्गावर राखाडी रंगाचा भार टाकणे मला अन्यायाचे वाटते, जखमीवरही आणि स्वयंसेवकावरही. तुमच्या पथकात मिश्र पातळ्या असल्यामुळे एकच पद्धत सर्वांना संपूर्ण शिकवण्याचा अट्टहास सोडावा, असे सुचवते.

अग्निरेषा

अग्निशमन दलात आहे. थोडक्यात लिहितो. घटनास्थळी पहिली दहा मिनिटे बहुतेक वेळा ना डॉक्टर असतो ना पॅरामेडिक. आम्ही असतो, पोलीस असतात, आणि जवळपासची माणसे असतात. मँचेस्टरच्या सभागृहात २२ मे २०१७ रोजी स्फोट झाला, त्याच्या सार्वजनिक चौकशीत असे दिसले की जखमी जिथे पडले होते त्या दालनात रुग्णवाहिका सेवेचे जेमतेम तीन पॅरामेडिक पोहोचले, आणि अग्निशमन दल तर दोन तासांनंतर आले. तेव्हा वर्गवारी कोण अधिक चांगली करतो, हा प्रश्न रास्त असला तरी त्याआधी तिथे असतो कोण, हे पाहावे लागते.

इंग्लंडमध्ये २०२३ पासून ‘टेन सेकंड ट्रायाज’ आले, ते याच विचाराने. त्यात नाडी किंवा श्वास मोजावे लागत नाहीत. चालतो का, रक्त जोरात वाहते आहे का, बोलतो का, धडात आत शिरलेली जखम आहे का, श्वास घेतो का, एवढेच. रक्त वाहत असेल तर आधी टूर्निके, म्हणजे रक्त थांबवणारा घट्ट पट्टा, बांधायचे किंवा जखम दाबून भरायची, मग टॅग. श्वास नसलेल्याला मृत म्हणायचे नाही, ‘श्वास नाही’ एवढीच खूण करायची. पुढचे ठरवणे नंतर येणाऱ्या वैद्यकीय माणसाकडे. हातमोजे घातलेल्या, धुरात उभ्या असलेल्या, कानठळ्या बसलेल्या माणसाला मिनिटभर श्वास मोजायला सांगणे व्यवहार्य नाही. स्वयंसेवकांना टूर्निके बांधायला आधी शिकवा. चुकीच्या रंगाचा टॅग बदलता येतो.

क्षितिज

सर्वांचे मनापासून आभार. पहिल्या फेरीला स्वयंसेवक आणि दुसऱ्या फेरीला पॅरामेडिक, अशी विभागणी पथकासमोर मांडणार आहे. डॉक्टरांशी कालच बोललो. ते म्हणाले, “मला कोणी उठ म्हटले असते तर मी उठलो असतो,” आणि पुढच्या तालमीत घड्याळवाला माणूस त्यांनी स्वतःच मागितला आहे.

दोन गोष्टी मात्र अजून सुटलेल्या नाहीत. एक, शिकवलेले किती दिवस टिकते? दुसरी अधिक अवघड आहे. आमच्या स्वयंसेविकेने तालमीनंतर मला बाजूला घेऊन सांगितले की श्वासमार्ग मोकळा करूनही श्वास न घेणाऱ्या ‘जखमी’ला काळा टॅग लावताना, तो समोर पापण्या हलवणारा आपलाच मित्र आहे हे ठाऊक असूनही, तिचा हात थरथरत होता, आणि खऱ्या प्रसंगी हे आपल्याकडून होणार नाही. मी तिला काय सांगावे?

रात्रपाळी

पहिल्याचे उत्तर देतो. वर्षातून एक मोठी तालीम पुरत नाही; काही महिन्यांतच आकडे आणि क्रम निसटायला लागतात, आणि हे पॅरामेडिकचेही होते, कारण रोजच्या कामात ट्रायाज लागतच नाही. काही रुग्णवाहिका सेवा आठवड्यातला एक दिवस ठरवून नेहमीच्या रुग्णांनाही टॅग लावतात, म्हणजे हाताची सवय सुटत नाही. तुमच्याकडे रोज रुग्ण नसतील, तर दर पंधरवड्याला दहा कार्डे आणि पाच मिनिटे एवढे तरी ठेवा. कार्डांत ओरडणारा हिरवा आणि गप्प बसलेला लाल हे दोघे प्रत्येक वेळी असू द्यात.

शुश्रूषा

मी आपत्कालीन विभागात परिचारिका आहे आणि दुसऱ्या प्रश्नाबद्दलच लिहिते, कारण त्यावर सहसा बोलले जात नाही.

क्षितिजदादा, त्या मुलीला आधी हे सांगा की हात थरथरणे हे कमी प्रशिक्षणाचे लक्षण नाही. वीस वर्षे काम केलेल्यांचाही थरथरतो. फरक इतकाच की त्यांना त्या क्षणी काय करायचे ते ठरलेले असते: श्वासमार्ग मोकळा केला, पाहिले, ऐकले, श्वास नाही, वेळ लिहिली, पुढे. मूल असेल आणि नाडी लागत असेल, तर जंपस्टार्टप्रमाणे पाच श्वास देऊन पुन्हा पाहिले. हा क्रम हाताला पाठ असला, की निर्णय तिने एकटीने घेतला असे राहत नाही. अग्निरेषा यांनी सांगितलेली ‘श्वास नाही’ ही खूण मला यासाठीच फार मोलाची वाटते. मृत घोषित करण्याचा अधिकार आणि ओझे, दोन्ही ज्याचे त्याच्याकडे राहते, आणि कमी प्रशिक्षण असलेल्या माणसाला जे दिसले तेवढेच लिहायचे असते.

आणि लिहायचे मात्र नक्की. जपानमध्ये अमागासाकी इथे २५ एप्रिल २००५ रोजी रेल्वेगाडी रुळांवरून घसरून इमारतीवर आदळली आणि १०७ जणांचा जीव गेला. घटनास्थळी टॅग लावून वर्गवारी झाली, काळा टॅग लागलेल्यांना रुग्णालयांत नेले नाही, आणि जिवंत जखमींसाठी वाट मोकळी राहिली म्हणून त्या कामाची वाखाणणीही झाली. परंतु काळ्या टॅगांवर फारसे काही लिहिलेले नव्हते. आपले माणूस कुठे होते, कोणी पाहिले, त्या वेळी खरोखरच काही शिल्लक नव्हते का, हे नातेवाईक पुढे कित्येक दिवस विचारत राहिले, आणि त्यांना दाखवायला कागद नव्हता.

रुग्णालयाच्या दारात मी उभी असते, तेव्हा टॅगचा रंग मी पाहतेच, पण तो मी पुन्हा ठरवणार असते. कितीतरी जखमी तर टॅगविनाच येतात, स्वतःच्या पायांनी किंवा मिळेल त्या वाहनाने. टोकियोत १९९५ मध्ये भुयारी रेल्वेत सारिन हा विषारी वायू सोडला गेला, तेव्हा सेंट ल्यूक रुग्णालयात एका दिवसात सहाशेवर लोक आले आणि बहुतेक असेच आले होते. म्हणून रंगापेक्षा मला अधिक उपयोगी पडते ती टॅगवरची ओळ: किती वाजता पाहिले, श्वास किती होता, आज्ञा पाळत होता का. आठ वाजता बोलणारा माणूस साडेआठला गप्प असेल, तर तो मला त्या ओळीमुळेच कळतो. तुमच्या स्वयंसेविकेला खिशात दोन जाड मार्कर ठेवायला सांगा, ओल्या टॅगवर उमटणारे, आणि काळा टॅग लावायची वेळ आली तर वेळ, जागा आणि ‘श्वासमार्ग मोकळा केला, श्वास नाही’ एवढे तीन शब्दसमूह लिहायला शिकवा. त्याला दहा सेकंद लागतात, आणि ते दहा सेकंद तिने त्या माणसासाठी द्यावेत.